मुंबईत मस्कारी: माझा अनुभव (आणि सासूबाईंचे सांबारचे कांदे)

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये श्रीनगरला गेलो होतो. टुलिप गार्डनमध्ये सगळे टुलिपसमोर फोटो काढत होते आणि मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून भलतंच बघत होते. छोटी निळी फुलं, वीतभर सुद्धा उंची नाही, देठाला टपोरे मणी उलटे लटकवल्यासारखे, अगदी द्राक्षाचा घड. तिथल्या माळ्याने नाव सांगितलं, मस्कारी. नवरा म्हणाला चल आता, गाडीवाला ओरडतोय, पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

मुंबईला आल्यावर ऑक्टोबरपर्यंत दम धरला आणि ऑनलाइन २० मस्कारी आणि १० क्रोकसचे (केशराच्या जातकुळीतलं फूल) कंद मागवले. सोबतच्या कागदावर काय तर "मातीत लावा, पाणी घाला". बस. नशीब मी लावायच्या आधी थोडं वाचलं, कारण यांची खरी गोम थंडीत आहे. फुलाची कळी कंदाच्या आत आधीच तयार असते, पण १०-१२ आठवडे चांगली थंडी मिळाल्याशिवाय दांडा नीट वर येत नाही, फूल पानांतच अडकून बसतं. आणि आमच्या मुलुंडला जानेवारीत रात्री १६-१७ डिग्री झालं की लोक कपाटातून स्वेटर काढतात, दुपारी परत ३०. त्या कंदांना याला थंडी म्हणायचं हे सांगणार कोण?

मग फ्रिज. कागदी पिशवीत घालून भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते म्हणून कागदी. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी ऑफिसमधून आले तर सासूबाई ओट्याशी, हातात सुरी, समोर माझे चार मस्कारी सोललेले. "अगं, हे सांबारचे कांदे कुठून आणलेस? चिकट लागतायत हाताला, आणि वास पण नाही." दिसायला खरंच तसेच असतात हो, त्यांची काही चूक नाही. डाळ शिजत होती, पाच मिनिटं उशीर झाला असता तर मस्कारी सांबारात गेले असते. तेव्हापासून पिशवीवर मार्करने मोठ्या अक्षरात "खायचे नाहीत".

पण दुसरी चूक माझीच. त्याच ट्रेमध्ये सफरचंदं असायची. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा गॅस सुटतो आणि तो कंदातल्या कळीला मारतो, हे मला डिसेंबरमध्ये कळलं, म्हणजे सहा-सात आठवडे दोघं शेजारी नांदून झाल्यावर. तेव्हा सफरचंदं हलवली, पण उशीरच झाला.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लावले. पसरट कुंडी, लाल माती, थोडं गांडूळखत आणि वाळू जरा जास्तच, कारण पाणी साचलं की कंद सडलाच. टोक वर ठेवून जवळजवळ लावले, आणि कुंडी बाथरूमच्या खिडकीखाली, घरातली त्यातल्या त्यात गार जागा म्हणून. रोज सकाळी दात घासताना बघायचे. पानं आली, गवतासारखी, लांबच लांब. क्रोकसची तर नुसती पानंच, दहातल्या एकालाही फूल नाही, माझ्या मते सफरचंदांनीच घात केला. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "केशर लागलं का गं?" केशराचा क्रोकस वेगळा असतो, तो काश्मीरात पंपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो, माझा वसंतातला, त्याला केशर येत नाही, हे तीनदा सांगितलं, चौथ्यांदा नुसतं "नाही अजून" म्हटलं.

फेब्रुवारीत एका सकाळी पानांत बोट घालून बघितलं तर तळाशी हिरवट कणीस, मक्याचं बाळ असतं ना तसं. चार दिवसांत निळं झालं. सोळातले पाच फुलले, दांडे श्रीनगरच्या अर्धे, आणि पाच दिवसांत उन्हाने माना टाकल्या. पण वास! नाक अगदी जवळ नेलं तर गोडसर, द्राक्षासारखा. सासूबाईंनी पण घेतला, म्हणाल्या बरं झालं नाही चिरले.

आता युरोपात म्हणे हे एकदा हिरवळीत लावून टाकायचे आणि विसरायचे, दरवर्षी आपले आपण वाढतात, गालिचा होतो. मी पण कुंडी तशीच ठेवली. जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैत उकरलं तर नुसता चिखल आणि सडका वास. नंतर डोक्यात प्रकाश पडला, यांचं माहेर तुर्कस्तानाकडचं, तिकडे हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा, कंद झोपतो तो कोरड्यात. आपल्याकडे बरोबर उलटं, त्यांच्या झोपेच्या वेळी आपण चार महिन्यांत २००० मिमीच्या वर पाऊस ओततो.

गालिचाची हौस मात्र रेन लिलीने भागवली. नर्सरीतून १० गुलाबी कंद आणून सोसायटीच्या पंपरूमशेजारी, मान जमिनीबरोबर राहील असे खोचले होते, त्याच जूनमध्ये. हिचं मूळ मेक्सिको आणि त्या बाजूचं, पण हिला थंडी नको, फ्रिज नको, कोरडे दिवस गेले आणि एक दणदणीत सर आली की झालं. शास्त्रीय नाव झेफिरँथस, अर्थ पश्चिमेच्या वाऱ्याचं फूल, पाऊस घेऊन येतो तोच आपला वारा. फूल एक-दोन दिवसच टिकतं पण कंदाला पिल्लं फुटतात. यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतर वॉचमन स्वतः वर सांगायला आला, मॅडम खाली बघा. मोजली, ३४ फुलं.

तरी या ऑक्टोबरला परत दहा मस्कारी मागवलेत. सफरचंदं आता ओट्यावर टोपलीत असतात, आणि पिशवीवर या वेळी सासूबाईंनीच लिहिलंय, "हिचे कांदे".