चाळीस वर्षांची ग्रासहॉपर पुन्हा मुरमावर: माझा अनुभव

जपानच्या तामिया कंपनीची १९८४ची ग्रासहॉपर, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी बॅटरीची गाडी, हातात आली की बॅटरी जोडून चाकं फिरतात का बघायचा मोह होतो. तो आवरायचा. गिअरबॉक्समधलं ग्रीस एव्हाना मेणासारखं घट्ट झालेलं असतं. अडकलेल्या मोटरला ७.२ व्होल्ट दिले तर आधी मोटर आणि मग तिचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर तापतो. माझ्याकडच्या गाडीचं पांढरं चेसिस चहाच्या रंगाचं झालं होतं. बंपरजवळ तडा, टायर दगडासारखे, आणि रिमोटमध्ये सेल फुटून हिरवट साका बसलेला. मोटर मात्र बोटाने अलगद फिरत होती. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा असंच आढळतं, मोटर टिकते आणि प्लास्टिक दगा देतं. म्हणून कामाला सुरुवात प्लास्टिकपासून केली.

सुरुवात म्हणजे स्टिकर. गाडी धुण्याआधीच बॉडीवरचे सगळे स्टिकर ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवले, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे छापताना माप चुकत नाही. मग हेअर ड्रायरची कोमट हवा देत एका कोपऱ्यापासून हळू सोलले. तरी दोन फाटलेच. नवे व्हिनाइलवर छापून, कापून, साबणाच्या पाण्यावर सरकवत लावता येतात. पण स्कॅनच नसेल तर छापणार काय?

पुढचा शत्रू स्क्रू. यांची खाच जपानी जेआयएस प्रकारची, दिसायला आपल्या स्टार स्क्रूसारखीच. साधा फिलिप्स ड्रायव्हर जोर लावताच वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. जेआयएस ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाहीतर २ नंबरच्या फिलिप्सचं टोक अर्धा मिलिमीटर घासून बोथट केलं की तो तळाशी नीट बसतो. न हलणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न आठ-दहा सेकंद टेकवायचं, भोवतीचं प्लास्टिक सैल होतं. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर नाव. लांबी चुकवून लांब स्क्रू आखूड भोकात घातला तर पलीकडची भिंत फुटते. ई-क्लिप, म्हणजे दांड्याच्या खाचेत बसणारी 'E' आकाराची छोटी कडी, काढताना त्यावर कापड धरावं. नाहीतर ती उडते आणि मग फरशीवर लोहचुंबक फिरवत बसावं लागतं.

सुटे भाग कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश यांनी धुतले. पेट्रोल आणि थिनर यांना हात लावला नाही. थिनरने एबीएस, म्हणजे चेसिसचं कडक प्लास्टिक, विरघळतं, पेट्रोलने ताणाच्या जागी बारीक तडे जातात आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतात.

पिवळेपणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम, केस रंगवताना वापरतात तीच, ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. मेन रोडवर पार्लरचं सामान मिळतं तिथे '४० व्हॉल्यूम डेव्हलपर' मागायचं. रबरी हातमोजे घालून चेसिसला जाड थर दिला, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळली आणि गच्चीत ठेवलं. धातूचा एकही भाग आत राहू द्यायचा नाही. नाशिकचं एप्रिलचं ऊन या कामाला सोन्यासारखं, पण दर अर्ध्या तासाने भाग फिरवून फिल्मवरून क्रीम चोळावी लागते. जिथे ती सुकते तिथे पांढरे ढगाळ पट्टे उठतात आणि ते जात नाहीत. चार-पाच तासांत चेसिस पुरेसं उजळलं. बॉडी पातळ पॉलिस्टायरीनची आहे, ती तापलेल्या पत्र्यावर किंवा कठड्यावर ठेवली तर वाकते. खाली लाकडी फळी घ्यावी आणि ऐन दुपारी उचलून आत आणावी.

आता तडा. आधी प्लास्टिक कोणतं ते तपासायचं. न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब टाकला आणि पृष्ठभाग चिकट झाला तर ते एबीएस किंवा स्टायरीन. काहीच झालं नाही तर नायलॉन, त्याला ही युक्ती चालत नाही. पांढऱ्या एबीएसचे कपटे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवले. मापाने एक भाग कपटे, दोन ते तीन भाग ॲसिटोन, सकाळी मधासारखं दाट मिश्रण मिळतं. तड्याच्या टोकाशी १.५ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. तड्याला ब्लेडने व्ही आकाराची खाच दिली आणि मिश्रण पातळ थरांत भरलं, दोन थरांमध्ये एक पूर्ण दिवस. मी पहिल्यांदा एकाच वेळी सगळं भरलं होतं. वरून कडक, आतून मऊ, दाबलं की खड्डा. खरवडून पुन्हा करावं लागलं. वाळताना मिश्रण आक्रसतं, म्हणून थोडं उंच भरून नंतर ४०० आणि ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासायचं.

मोटर आरएस-३८०. ब्रश बदलता येत नाहीत, त्यामुळे उघडायच्या फंदात पडलो नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोन्ही बुशला (दांडा ज्यात फिरतो त्या साध्या कड्यांना) शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला आणि ३ व्होल्टवर पाच मिनिटं मोकळी फिरवली. मग ७.२ व्होल्टवर विनाभार करंट एक अँपिअरच्या आत आला, म्हणजे तब्येत ठीक. मोटरच्या ठिणग्यांचा रिमोटच्या संदेशात व्यत्यय येऊ नये म्हणून १०४ चे (०.१ मायक्रोफॅरडचे) तीन सिरॅमिक कपॅसिटर लागतात, एक दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या डब्याला एकेक. डब्यावर सोल्डर धरत नाही अशी तक्रार असते, तेव्हा जागा घासलेली नसते किंवा आयर्न २५ वॅटचं असतं. इथे ६० वॅटचं हवं, दोन-तीन सेकंदांत काम उरकायचं.

मेकॅनिकल स्पीड कंट्रोलरचे तांब्याचे पट्टे खोडरबराने चकाकवले आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा नुसता वास येईल इतका थर दिला. त्याचा सिरॅमिक रेझिस्टर चांगलाच तापतो, वायरी त्याच्यापासून लांब बांधाव्यात. या कंट्रोलरबरोबर लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) नकोच. कंट्रोलर व्होल्टेज पाहून बंद होत नाही, त्यामुळे सेल ३ व्होल्टखाली जाऊन कायमचा बाद होतो. सहा सेलचा ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक पुरे.

रिमोटमधला हिरवा साका व्हिनेगरच्या कापसाने, मग आयसोप्रोपिलने पुसला. तरी रिसीव्हर मुका. कारण निघालं, फ्रिक्वेन्सी ठरवणारे दोन क्रिस्टल एकमेकांच्या जागी बसलेले. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या एएम सेटमध्ये रिसीव्हरचा क्रिस्टल ट्रान्समीटरपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने खाली असतो. टीएक्स (ट्रान्समीटरचा) आणि आरएक्स (रिसीव्हरचा) अदलाबदल झाले की सेट बोलत नाही, कितीही सेल बदला.

बुश काढून बेअरिंग घालायची तर व्हर्नियरने मोजूनच दुकानात जावं. तामियावाले ज्याला ११५० म्हणतात ते ५ × ११ × ४ मिलिमीटरचं असतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे बेअरिंगची दुकानं इथे मुबलक, पण '११५०' म्हटलं तर समोरचा नुसता बघत राहतो. 'एमआर ११५' म्हणायचं. धुळीसाठी रबर सीलची, म्हणजे टूआरएस मागावी.

जोडणी करताना एकच सवय लावून घ्यावी. जुन्या भोकात स्क्रू आधी उलटा फिरवायचा. आट्याच्या सुरुवातीला तो 'टक' करून खाली बसतो, बोटाला जाणवतं. तिथून सुलटा घ्यायचा. थेट पिळला तर नवा आटा कापला जातो आणि दोन-तीन वेळा उघडझाप झाली की भोक रिकामं. गिअरच्या दातांवर लिथियम ग्रीस, वाटाण्याएवढंच.

टायरचा कडकपणा कशानेच परत जात नाही. सिलिकॉन स्प्रेने चकाकी येते, पकड येत नाही. मूळचे काढून ठेवले आणि चालवायला नवीन चढवले. तामिया जुन्या गाड्या पुन्हा काढत असल्यामुळे ते मिळतात.

पहिल्यांदा चालवायला गंगापूर रोडच्या पुढची मोकळी मुरमाड जागा निवडली. पावसाळ्यात काळ्या मातीत नेऊ नये, मागच्या टायरच्या खिळ्यांत चिखल भरतो, चाक जड होतं आणि बिचारी ३८० मोटर तापते. ग्रासहॉपरच्या स्प्रिंगांना हादरे शोषणारं तेलाचं डॅम्पिंग नाही, त्यामुळे ती प्रत्येक खड्ड्यावर उड्या मारतेच, तो बिघाड समजू नये. दहा मिनिटांनी थांबून मोटरवर बोट ठेवलं, ते टेकून राहत होतं. मागच्या चाकाचा नट मात्र अर्धा फेरा ढिला झालेला.