लॉट नंबर काय आहे?

बाबांना फोनवर सांगितलं, "मी रिव्हॉल्व्हर घेतलंय." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मी ओरडा खायच्या तयारीत होते. मग त्यांनी विचारलं, "काडतुसं कुठली घेतलीस? लॉट नंबर काय आहे?"

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले, तपासणी विभागातून. १८६९ पासूनचा तो कारखाना. काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडावर 'केएफ' असा शिक्का, म्हणजे किर्की फॅक्टरी. आमचं सगळं लहानपण त्या भोंग्यावर गेलं, पण कामाबद्दल घरात अवाक्षर निघायचं नाही. आता पंचाऐंशीव्या वर्षी, सातासमुद्रापारच्या लेकीला ते पहिल्यांदाच काडतुसाबद्दल काही सांगणार होते.

मी टेक्सासमध्ये राहते, ह्यूस्टनच्या वायव्येला, जिथे वस्ती विरळ होऊन गायरानं सुरू होतात. नवरा समुद्रातल्या तेलविहिरींवर, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. मागच्या वर्षी तो नसताना रात्री दीडला कुणीतरी मागच्या दाराची मूठ हलवून पाहिली. ९११ ला फोन केला. गाडी आली, माणसं चांगली होती, पण यायला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत मी मुलीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसले होते. माझा निर्णय तिथेच झाला.

एच-१बी व्हिसावर असते तर हा मार्गच नव्हता. त्या व्हिसावर बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. हे आपल्या पुष्कळ लोकांना माहीत नसतं आणि मित्राची बंदूक सहज म्हणून हातात घेऊन फोटो काढले जातात, म्हणून मुद्दाम लिहिते. माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि स्मिथ अँड वेसनचं ६४२ घेऊन मी घरी आले. पाच गोळ्यांचं, जेमतेम दोन इंच नळीचं, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. "हलकं आहे, बायकांच्या हाताला बरं," असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. वजन जितकं कमी तितका दणका थेट तळहातात येतो, हे त्याने सांगितलं नाही. ते मला पहिल्या पाच बारांत कळलं.

यात पॉइंट ३८ स्पेशल काडतूस लागतं. ५० चा साधा डबा वीस-पंचवीस डॉलरला. स्वसंरक्षणासाठी म्हणून जी पोकळ टोकाची काडतुसं विकतात, त्यांचा २० किंवा २५ चा डबा तेवढ्याच पैशांत किंवा जास्तच. महिन्यातून दोनदा सराव करायचा तर हिशेब लगेच अंगावर येतो. त्यामुळे स्वस्तात काय मिळतंय हे मी शोधायला लागले आणि तिथेच माझा हात पोळला.

बंदुकांच्या एका प्रदर्शनात शंभर काडतुसांची पिशवी मिळाली. जुन्या पुंगळ्या पुन्हा भरलेल्या, किंमत जवळजवळ निम्मी. पिशवीवर ना तारीख ना लॉट. पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेले. तीन बार ठीक गेले. चौथ्याला नुसतं 'फुस्स' झालं, हाताला धक्काच नाही. मी पुन्हा चाप ओढणार, एवढ्यात मागून रेंजवरचा माणूस एवढ्या जोरात ओरडला की माझं बोट चापावरून आपोआप निघालं. त्याने रिव्हॉल्व्हर रिकामं करून घेतलं, नळीत पितळी सळई घातली, आणि ती मध्येच अडली. गोळी नळीत रुतून बसली होती. त्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या जोरावर गोळी जेमतेम नळीत शिरली होती. पाचवी गोळी तिच्यावर जाऊन आदळली असती तर नळी फाटली असती, आणि ती माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती.

रात्री बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "फुसका बार. दिवाळीत फुसका बार निघाला तर पोरं हसतात. इथे फुसका बार निघाला की सगळं खाली ठेवायचं." मग अर्धा तास ते बोलत राहिले. मी वही घेऊन बसले होते.

त्यांचा पहिला धडा लॉटचा. एका लॉटमधला प्रायमर, दारू, गोळी एकाच खेपेची असते. लॉट बदलला की तेच नाव, तोच डबा, पण माल वेगळा असू शकतो. म्हणून ब्रँडवर विश्वास ठेवायचा नाही, आपण स्वतः तपासलेल्या लॉटवर ठेवायचा. लॉट नंबरच नसेल तर तपासणीला अर्थच उरत नाही, कारण आज जे तपासलं ते उद्या हातात येणाऱ्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. तेव्हापासून मी एका वेळी एका लॉटचे पाच-सहा डबे घेते. पहिला डबा फक्त परीक्षेसाठी.

दुसरा धडा बोटाच्या टोकाचा. काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायचं. प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत असला पाहिजे. बोटाला उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला, कारण वर आलेला प्रायमर मागच्या पत्र्याला घासतो आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं, फिरायचं थांबतं. पिस्तुलात काडतूस अडकलं तर हाताने खेचून काढता येतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर अडलं की चापही अडतो आणि हातात लोखंडाचा तुकडा उरतो. पुंगळीच्या तोंडाला चीर आहे का, गोळी तिरकी किंवा आत दाबली गेली आहे का, प्रायमर उलटा बसलाय का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. ५० काडतुसांना मला आता दहा मिनिटं लागतात.

मी हुशारी करून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर काडतुसं तोलायला घेतली होती, म्हणजे बिनदारूचं काडतूस हलकं लागेल. बाबांनी तिथेच थांबवलं. या काडतुसात दारू असते चिमूटभर, हलक्या भरणीत तीनेक ग्रेन, म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. गोळ्या आणि पुंगळ्या यांच्याच वजनात तेवढा फरक सहज असतो. तोलून काही कळत नाही. खात्रीच्या कारखान्याचं, लॉट छापलेलं काडतूस घ्यायचं, आणि आवाज-दणका वेगळा वाटला की थांबायचं, एवढंच आपल्या हातात.

ही चिमूटभर दारू आणखी एक खोड काढते. पॉइंट ३८ स्पेशल १८९८ चं, काळ्या दारूच्या काळातलं. काळी दारू पुंगळी भरून लागायची, म्हणून पुंगळी लांब ठेवली. आजची धूरविरहित दारू थोडीच पुरते आणि बाकी जागा मोकळी राहते. नळी खाली झुकवून मग वर उचलली की दारू गोळीच्या बाजूला राहते. नळी वर करून मग आडवी केली की प्रायमरच्या बाजूला. काही काडतुसांत या दोन्हींचा वेग चक्क वेगळा येतो. ओळखीच्या एका नेमबाज बाईंकडून वेग मोजायचं यंत्र आणलं आणि दोन्ही प्रकारे पाच-पाच बार काढले. एका स्वस्त डब्यात हा फरक आवाजातसुद्धा कळत होता. तो डबा जवळच्या सरावाला वापरून संपवला, पुन्हा घेतला नाही.

तीन प्रकार मी नीट पाहिले: १३० ग्रेनची तांब्याच्या आवरणाची गोळी, १५८ ग्रेनची साधी गोल शिशाची, आणि १४८ ग्रेनची वॅडकटर. शेवटचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल. ही गोळी पुढून सपाट असते, नळकांड्यासारखी, आणि पुंगळीच्या तोंडाबरोबर आत बसवलेली. काडतुसाला टोकच दिसत नाही. कागदी लक्ष्यावर ती पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडते, म्हणून स्पर्धेतले नेमबाज ती वापरतात. दणका सौम्य.

दहा यार्डांवरून, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, प्रत्येकी पाच गोळ्यांचे चार गट. माझ्या रिव्हॉल्व्हरला माशी पक्की आहे, खालीवर करता येत नाही. त्यामुळे गोळीचं वजन बदललं की ती कागदावर बसते ती जागाही बदलते. जड गोळी हळू जाते, नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात दणक्याने नळी उचलली जाते आणि गोळी वर लागते. हलकी गोळी खाली. पहिल्यांदा हे उलटं वाटतं. म्हणजे १३० ग्रेनवर वर्षभर सराव करून रात्रीसाठी दुसरंच काहीतरी भरून ठेवलं, तर नेमकी ज्या क्षणासाठी सराव केला त्याच क्षणी नेम सरकलेला असणार. सात यार्डांत फरक थोडा आहे, पण दणक्यातला फरक थोडा नाही, आणि दुसरी गोळी कुठे जाते ते दणकाच ठरवतो.

आणखी एक चाचणी हलक्या रिव्हॉल्व्हरवाल्यांनी न चुकता करावी. पाच काडतुसं भरायची, चार उडवायची, पाचवं बाहेर काढून कॅलिपरने त्याची लांबी मोजायची. शेजारच्या चार दणक्यांनी पुंगळी मागे खेचली जाते आणि गोळी आपल्या जागी राहते, म्हणजे हळूहळू बाहेर सरकते. फार सरकली तर सिलिंडरच्या पुढे येऊन फिरणं बंद. माझ्याकडे एका जोरकस भरणीच्या महागड्या काडतुसाची गोळी डोळ्यांना दिसेल इतकी सरकली. किमतीचा आणि भरवशाचा संबंध मला वाटत होता तितका सरळ नाही.

आता स्वसंरक्षणाचं. पोकळ टोकाची गोळी आत जाऊन उमलावी म्हणून बनवतात. उमलायला वेग लागतो, आणि दोन इंचाच्या नळीत तो पुरेसा मिळेलच असं नाही. जाड कपड्यांतून जाताना पोकळीत कापड कोंबलं जातं आणि ती न उमलता तशीच जाते. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्यानंतर एफबीआयने चाचणीची पद्धत आखली: दहा टक्के जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच जावी, १८ च्या पुढे जाऊ नये. छोट्या नळीच्या ३८ मधून पुष्कळ गोळ्यांची यात अडचण होते: उमलल्या तर उथळ राहतात, न उमलल्या तर जास्त खोल जातात. छोट्या नळीसाठी मुद्दाम बनवलेली १३५ ग्रेनची स्पीअर गोल्ड डॉट आहे, ती चांगली मानली जाते. मी उडवून पाहिली, तळहात दुखला, दुसरी गोळी कागदाच्या कडेला गेली.

वॅडकटरला उमलायचंच नसतं. सपाट तोंडाने ती कापत जाते, पुरेशी खोल जाते आणि माझ्या हातात पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत राहतात. इथली घरं लाकडी चौकट आणि जिप्समच्या पातळ पत्र्यांची. कुठलीही गोळी भिंतीत थांबत नाही. बोळाच्या टोकाला मुलीची खोली आहे. तेव्हा चुकलेली गोळी हा माझ्यासाठी सगळ्यांत मोठा धोका, आणि जी गोळी मी चुकवत नाही तीच माझी गोळी. मी कुठे उभी राहायची आणि कुठल्या दिशेला कधीच नेम धरायचा नाही, हेही आम्ही घरात चालून ठरवलं.

वॅडकटर सगळ्यांत स्वस्त नाही. ५० चा डबा १३० ग्रेनच्या डब्यापेक्षा चार-सहा डॉलर जास्त पडतो. पण सरावाला आणि रात्रीला एकच काडतूस, एकच नेम, एकच दणका, आणि वर्षाचा खर्च दोन वेगळी काडतुसं घेण्यापेक्षा कमी. तिचा एक दोष मात्र खरा आहे: सपाट कडा सिलिंडरच्या भोकांच्या काठाला अडतात, पटकन भरता येत नाही. म्हणून राखीव ठेवलेली पाच काडतुसं मी गोल टोकाची ठेवली आहेत.

उघडं शिसं असल्याने रेंजवरून आल्यावर आधी गार पाण्याने साबण लावून हात धुते, कपडे वेगळे टाकते, मुलीला नंतर जवळ घेते. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी वर धरते, नाहीतर न जळलेल्या दारूचे कण पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या तारकेखाली जाऊन बसतात आणि सिलिंडर मिटत नाही. भरण्याआधी सिलिंडर कोरडं पुसते. तेल प्रायमरला घातक. काडतुसं गाडीत कधीच ठेवत नाही, इथल्या उन्हात गाडीची भट्टी होते.

गेल्या रविवारी नवा लॉट आला. फोन स्पीकरवर ठेवून मी डबा उघडला आणि बाबांना नंबर वाचून दाखवला. त्यांनी तो तिकडे कॅलेंडरवर लिहून घेतला. मग म्हणाले, "फिरव बोट." मी एकेक काडतूस उचलत गेले, ते पलीकडून मोजत राहिले. एकतिसाव्याला बोटाला उंचवटा लागला. "ठेव बाजूला," ते म्हणाले, "आणि त्याच्या शेजारची दोन पुन्हा बघ."