नकाशात सरळ ‘कच्चा रस्ता’ का लिहीत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरायच्या इंटरनेटवरच्या नकाशावर, मी गावाकडचे रस्ते भरते हे कळलं की हा प्रश्न हटकून येतो: “पाणंद, मुरूम, खडी असला घोळ कशाला? कच्चा म्हटलं की झालं!”

होत नाही ना. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी पडलेली पाणंद कच्ची. खडी पसरून, मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवलेला, फक्त डांबराची वाट बघणारा रस्ताही कच्चा. आणि डांबर होतं पण धुऊन गेलं, तोही कच्चाच. यातल्या दुसऱ्यावरून एसटी जाते, पहिलीवरून ट्रॅक्टरच जाणार.

म्हणून रस्ता कशासाठी आहे आणि त्याच्यावर काय आहे, हे मी वेगवेगळं नोंदवते. दोन गावं जोडतो तो गावरस्ता, डांबर असो नसो. शेतात जाऊन संपते ती पाणंद, मग तिच्यावर कुणी काँक्रीट का ओतेना. ओपनस्ट्रीटमॅपवर पूर्वी ‘अनसरफेस्ड’ अशी रस्त्याची एक जातच होती. ती मोडीत निघाली ते बरंच झालं. डांबर नाही एवढं कळायचं, पण रस्ता मोठा की आडवाटेचा, ते नाही. आपल्या जुन्या गावनकाशांना हे ठाऊक होतं: गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने, पायमार्ग तुटक एकेरी.

वर काय आहे याबाबत मात्र मी जरा खडूस आहे. मराठवाड्यातल्या काळ्या रानातली पाणंद मे महिन्यात मोटारसायकल पळवावी अशी टणक असते. एक दणकून पाऊस झाला की माती फुगते आणि चाक नि मडगार्डच्या मधे इतकी गच्च बसते की काठीने खरवडत बसावं लागतं. कोकणात जांभ्याच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळावरची वाट भर पावसातही चालू असते. दोन्हींना नुसतं ‘कच्चा’ लिहिलं, तर जुलैत पेशंट घेऊन निघालेल्या जीपवाल्याला नकाशा काय सांगणार? त्यामुळे माती, मुरूम, खडी, जांभा, जे असेल ते लिहायचं.

न झालेला रस्ता हे प्रकरणच निराळं. भूमिपूजनाचा नारळ फुटला म्हणून रस्ता होत नाही. तो ‘प्रस्तावित’, आणि मार्ग दाखवणाऱ्या ॲपने त्याच्याकडे बघूही नये. जेसीबी लागला की ‘काम चालू’. शहरांच्या विकास आराखड्यातल्या रस्त्यांनाही हाच नियम, कारण त्या रेघांवर कधीकधी घरं उभी असतात. (डीपी म्हणजे हाच विकास आराखडा, पण पुण्यातल्या ‘डीपी रोड’ने फसू नका. आराखडा नावापुरता उरलाय, रस्ता चांगला डांबरी आणि वाहनांनी तुंबलेला.)

तुमच्या गावचा रस्ता भरायचा असेल तर मला श्रावणातला फोटो पाठवा. उपग्रहाची चित्रं बहुतेक कोरड्या दिवसांतली, ढग नसतानाची असतात, आणि त्यांत सगळ्याच पाणंदी पांढऱ्याशुभ्र दिसतात.