मेलेले मासे कशाला मोजतेस?

जर्मनीत मास्टर्स करताना थीसिसला विषय मिळाला गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल इस्ट्राडायॉल हे हार्मोन, म्हणजे नदीत ते किती असलं तर जलचरांना चालेल ती मर्यादा काढायची. मला वाटलं त्यात काय, मासे कितीला मरतात ते पेपरमधून उचलायचं, त्याला शंभर-हजारने भागायचं, झालं. पंधरा दिवसांत आकडा घेऊन गाईडकडे गेले तर बाई म्हणाल्या, मेलेले मासे कशाला मोजतेस, पिल्लं होतात का ते बघ!

मग कॅनडाचा प्रयोग वाचला. ऑन्टारिओतल्या एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे हे हार्मोन लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम राहील असं सोडलेलं, तर नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रोटीन बनायला लागलं आणि फॅटहेड मिनो नावाची मासोळी तळ्यातून जवळपास संपलीच.

म्हणून सगळं पहिल्यापासून. प्रजननाचे प्रयोग तेवढे ठेवले, त्यातही पाण्यात किती टाकलं एवढंच लिहून प्रत्यक्षात किती उरलं ते न मोजलेले पेपर बाद. एका पेपरातले मायक्रोग्रॅम मी एक्सेलमध्ये नॅनोग्रॅम म्हणून टाकले, दोन दिवस एक गोगलगाय हजारपट नाजूक झाली होती आणि मी खूश, काहीतरी भारी सापडलं म्हणून 😅

नंतर सगळ्या प्रजाती नाजूक ते दणकट अशा लावून वक्र काढायचा, ५ टक्के प्रजातींना त्रास होईल ते प्रमाण घ्यायचं आणि वर सेफ्टीसाठी भागायचं. कितीने भागायचं यावरच आमची तीन आठवडे हुज्जत. शेवटी युरोपियन कमिशनने २०१२ ला सुचवलेल्या आकड्याच्या आसपास आले, लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅम. आईला फोनवर सांगितलं, ३० मायक्रोग्रॅमची एक गोळी एवढी पातळ करायला साडेआठ लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे आपल्या सोसायटीत येतात तसले दहा हजारी पंच्याऐंशी टँकर. ती म्हणे, एका गोळीला?

खरी गंमत पुढे. लॅबवाला म्हणाला आमच्या मशीनला ०.१ च्या खालचं दिसतच नाही. मग एकाऐवजी पाच लिटर पाणी गाळून त्यातलं हार्मोन कार्ट्रिजवर, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीत, गोळा केलं, थंडीत कॅन उचलून हात सुजले, तरी ०.०८ च्या खाली काही गेलो नाही. तिकडे युरोपनेही २०१३ मध्ये मर्यादा न घालता नुसतं नजर ठेवायच्या यादीत टाकायचं ठरवलं होतं. माझ्या तक्त्यात नदीच्या सहा जागांपुढे एकच शेरा आहे: मोजता आलं नाही.