तुम्ही विचारलंत म्हणून: मी पगार का सांगते

"ताई, तुम्ही तुमचा पगार असा कोणालाही काय सांगत बसता?" महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, तर घ्या. आणि कोणालाही नाही सांगत हो, अकाउंट्समध्ये नवीन लागलेल्या मुलींना सांगते, तेही त्यांनी विचारलं तर.

सुरुवात कंपनीच्या बसमध्ये झाली. मी तेव्हा नागपूरजवळ बुटीबोरीला एका फॅक्टरीत होते, बाजूच्या सीटवर पर्चेसमधल्या काकू बसायच्या, रिटायरमेंटला दोनेक वर्षं राहिलेली. एक दिवस वर्धा रोडवर बस अडकली आणि त्यांनी सरळ विचारलं, "काहून वं, तुले किती देतात?" मला लाजच वाटली, वय विचारल्यासारखी. बावीस हजार म्हटलं. तर म्हणतात, "तुह्यासोबत लागलेल्या पोट्ट्याले एकतीस हाय. पानठेल्यावर सांगत फिरते तो."

त्या पोट्ट्याचं जीएसटी रिटर्न मीच तपासून द्यायची!

पानठेल्यावर उभं राहून मुलं एकमेकांना सगळं सांगतात, कुठे जागा निघाली, कोण किती देतोय. आपण तिथे उभ्या राहत नाही आणि डब्याच्या टेबलावर भाजीच्या पुढे जात नाही. नुकसान मात्र साधं नसतं, कारण इन्क्रिमेंट टक्क्यात मिळतं. दोघांना दरवर्षी १० टक्के धरले तरी ९ हजाराचा फरक पाच वर्षांत साडेचौदा हजाराचा होतो, मग नोकरी बदलताना विचारतात करंट सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती, म्हणजे जुना कमीपणा नव्या ऑफिसात सोबतच येतो. त्यात कित्येक मुलींना सीटीसीचा आकडाच पगार वाटतो, त्यात कंपनीकडचा पीएफ आणि बहुतेक वेळा ग्रॅच्युइटी पण धरलेली असते हे कोणी सांगतच नाही. मी कागदावर मांडून दाखवते, पाच मिनिटांचं काम आहे.

"आपल्यात बायका असं पैशाचं बोलत नाहीत," असंही ऐकवतात. का बरं? याच नागपुरात २० जुलै १९४२ ला सुलोचनाबाई डोंगरेंच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली, तिथे गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वेतल्या बायकांसाठी रजा आणि पेन्शनचे ठराव झाले, आणि गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच हवी असाही. त्यांना नाही लाज वाटली. समान कामाला समान पगाराचा कायदा आला १९७६ ला, पण बाजूच्याचा पगारच माहीत नसेल तर कायदा घेऊन काय लोणचं घालायचं?

त्रास होतो, होत नाही असं नाही. एकदा केबिनमध्ये बोलावून "हे गोपनीय असतं मॅडम" ऐकवलं. तेव्हापासून दुसऱ्या कोणाचा आकडा सांगत नाही, फक्त स्वतःचा. आणि एकदा तर उलटंच झालं, मीच शिकवलेल्या मुलीने आकडा सांगितला तो माझ्यापेक्षा चार हजार जास्त. मेली, असं आलं मनात, खोटं कशाला बोलू, रात्रभर जळले. सोमवारी जाऊन साहेबांना विचारलं. चार नाही, अडीच वाढवले.

काकू आता रिटायर होऊन मानेवाड्याला असतात. एप्रिलमध्ये फोन येतोच. तब्येत नाही, पोरंबाळं नाही, पहिलं वाक्य तेच, "सांग वं, आता किती?"