एकाच १२ व्होल्ट बॅटरीवर ग्लो प्लग आणि स्टार्टर: आतापर्यंतची नोंद

नायट्रो इंजिन (रिमोटच्या मॉडेल गाडीचं, मेथनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) सुरू करताना वीज दोन कामांना लागते आणि दोन्हींची गरज अगदी वेगळी. ग्लो प्लगला, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या प्लगला, १.५ व्होल्टच्या आतबाहेर पुरतं, पण प्रवाह ३ अँपिअरच्या आसपास हवा. इंजिनाला सुरुवातीला फिरवून देणाऱ्या स्टार्टर बॉक्सच्या मोटरला १२ व्होल्ट हवेत आणि पिस्टन वर दाबात अडला की ती क्षणभर भरपूर प्रवाह ओढते. एरवी इग्नायटरचा (प्लग तापवायच्या हातातल्या साधनाचा) सेल वेगळा, बॉक्सचे दोन ७.२ व्होल्टचे पॅक वेगळे, चार्जरही वेगळे. कोपरखैरणेहून खारघरला मैदानावर जाताना चार्ज केलेली एकच बॅटरी पिशवीत टाकायची, एवढ्यासाठी हा खटाटोप चालू आहे.

बॅटरी घेतली ती यूपीएसमध्ये असते तीच, १२ व्होल्ट ७ एएचची लेड-ॲसिड. वजन दोन किलोच्या वर, पण कुठेही मिळते. यूपीएसमधून काढून टाकलेली जुनीही लावून पाहिली. मीटरवर १२.६ दाखवते, प्लग मजेत तापवते, पण मोटरचं बटण दाबलं की व्होल्टेज कोसळतं. त्यामुळे जुनी बॅटरी फक्त प्लगसाठी ठेवा, स्टार्टरला चांगलीच घ्या.

प्लगसाठी एक्सएल ४०१५ चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारं मॉड्यूल) लावला आहे. त्याला इनपुट किमान ८ व्होल्ट लागतं. मोटर फिरताना माझी नवी बॅटरी १० च्या जवळ उतरते, म्हणजे प्लग विझत नाही. तीन-चार वॅटचंच काम असल्यामुळे बॅटरीतून जेमतेम अर्धा अँपिअर जातो. व्होल्टेज मात्र मॉड्यूलवर मोजू नका, प्लग लावून क्लिपवर मोजा. ३ अँपिअर वाहताना तारेत नुसता ०.०५ ओहमचा अडथळा असला तरी ०.१५ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे दहावा हिस्सा. मी जाड सिलिकॉन वायर घेतली आणि क्लिपवर १.४ ठेवले.

खरा फायदा मिळाला तो मध्ये लावलेल्या अँपिअर मीटरचा. प्लगच्या तारेत प्लॅटिनम असतं आणि ते जितकं थंड, तितका त्याचा रोध कमी. बटण दाबताच आकडा वर जातो, तार लाल झाली की खाली येऊन स्थिरावतो. तो वरच रेंगाळला, तर तार इंधनात भिजली आहे, म्हणजे इंजिन फ्लड झालंय. अशा वेळी प्लग काढून, भोकावर फडकं धरून इंजिन फिरवायचं, म्हणजे जास्तीचं इंधन बाहेर पडतं. आकडा शून्य असेल तर तार तुटली किंवा क्लिप नीट बसलेली नाही. साध्या इग्नायटरवर हे काहीच कळत नाही, नुसती दोरी ओढत बसायची वेळ येते.

लिथियम सेल थेट प्लगला लावू नका. ३.७ व्होल्टला तार तत्क्षणी जळते आणि आपल्याकडे चांगला प्लग स्वस्त नाही.

ज्यांच्या इंजिनाला रोटोस्टार्टची बॅकप्लेट (मागून शाफ्ट घालून इंजिन फिरवता येईल अशी पाठची प्लेट) आहे, त्यांना कॉर्डलेस ड्रिल हा उत्तम पर्याय. शाफ्ट चकमध्ये धरायचा, दिशा तपासायची आणि क्लचची रिंग सर्वांत हलक्या आकड्यावर ठेवायची. इंजिनात इंधन तुंबून पिस्टन अडला, तर क्लच घसरतो आणि कनेक्टिंग रॉड वाचतो. क्लच बंद करून ड्रिल चालवणं मला पटत नाही.

सुरक्षेचं एकच, पण मनापासून: मेथनॉलची ज्वाला भर उन्हात दिसत नाही. बॅटरीच्या लाइनला फ्यूज हवाच, आणि मोटरचं बटण इंधनाच्या बाटलीपासून लांब.

पुढचं काम ४ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकचं. १२.८ व्होल्ट, वजन निम्म्याहून कमी आणि लोड आला तरी व्होल्टेज फारसं पडत नाही. मात्र तयार पॅकमधलं संरक्षण सर्किट मोटरचा सुरुवातीचा झटका सोसेल का, हे आधी टेबलावर तपासणार, मग बॉक्सला लावणार. पावसाळा संपेपर्यंत तेवढंच.