हिंगण्याच्या लेथवर बोटीचा शाफ्ट

हिंगणा एमआयडीसीत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि तिथे येणारी बरीचशी कामे शेतीच्या पंपांची असतात. मुंबई बंदरात शिडाची बोट ठेवणाऱ्या माझ्या धाकट्या मेहुण्याचा पावसाळ्यापूर्वी फोन आला, तो तिचे डिझेल इंजिन ठरावीक वेगाने फिरताना हादरते आणि शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) ग्लँडमधून, म्हणजे तो बोटीबाहेर पडतो तिथल्या दोरी भरलेल्या बुचातून, पाणी जास्त येते, म्हणून.

मी त्याला इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही फ्लँज (समोरासमोरच्या चकत्या) जेमतेम भिडवायला, चारही बाजूंची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला आणि शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगितले. रुंद फट जागीच राहिली तर इंजिन रेषेबाहेर आहे आणि ती शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकला आहे किंवा त्याची फ्लँज तिरपी आहे, असा याचा अर्थ. फट फिरली. पावसाळ्यात बोट जमिनीवर आल्यावर तो शाफ्ट आणि कपलिंग घेऊन विदर्भ एक्स्प्रेसने नागपूरला आला.

शाफ्ट सरळ निघाला. फ्लँजच्या तोंडावर मात्र डायल गेजचा काटा चांगलाच हलत होता, आणि चावी (शाफ्ट आणि कपलिंगच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी) काढल्यावर कारण कळले : तिचा माथा घासून चकाकत होता. उंच चावी कपलिंगला एका बाजूला रेटते, हे पंपांच्या कामात नेहमी दिसते. पूर्वीच्या मिस्त्रीने कपलिंग ओढून काढणारा पुलर न वापरता हातोड्याने ते उतरवल्याच्या खुणाही होत्या. चावी कानशीने उतरवून, कपलिंग शाफ्टवर घट्ट बसवून दोन्हींचे एकत्रच फेसिंग केले, म्हणजे फ्लँजचे तोंड लेथवर सपाट कातले. पहिल्या कटाला टूल अर्ध्याच तोंडाला लागत होते. शाफ्ट बोटीत बाहेरून घालावा लागत असल्याने कपलिंग पुन्हा उतरवणे भाग होते, म्हणून दोन्हींवर पंचाच्या खुणा केल्या.

पुढचे काम मात्र नागपुरात होण्यासारखे नव्हते. पंप आणि मोटर काँक्रीटवर बसतात, पण बोट पाण्यात उतरली की तिच्या सांगाड्याचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे जमिनीवर जुळवलेली रेषा तरंगताना टिकत नाही. म्हणून बोट पाण्यात स्थिरावल्यावरच आम्ही मापे घेतली. शाफ्टचे मोकळे टोक स्वतःच्या भाराने खाली झुकते आणि वाचन फसवे येते, हे तिथे सर्वांत महत्त्वाचे ठरले. कपलिंगचे पूर्ण आणि बाहेर आलेल्या शाफ्टचे निम्मे वजन स्प्रिंग काट्याने उचलून धरले, तेव्हाच फीलरला अर्थ आला. इंजिन ज्यांवर बसते त्या नव्या रबरी माउंटचे नट थोडे थोडे फिरवत आम्ही १०० मिमी फ्लँजवरचा फरक ०.१ मिमीच्या आत आणला, आणि मग नवे बोल्ट व सैल न होणारे नायलॉक नट लावले.

चालत्या इंजिनावर ग्लँडमधून मिनिटाला दोन-तीन थेंब पडावेत. आतल्या दोरीला तेवढे पाणी लागतेच, म्हणून ग्लँडचा नट आणखी आवळू नकोस, असे मेहुण्याला बजावले. माउंट नवे असल्याने रबर थोडे बसेल आणि काही तास इंजिन चालल्यावर फट पुन्हा मोजावी लागेल. त्यासाठी फीलर मी त्याच्याकडेच ठेवून आलो आहे.